नकाशावरची लाल टाचणी

मित्रांनो, मी एक जुनी टाचणी आहे. लाल डोक्याची. हल्ली अंगावर गंज चढलाय आणि मुक्काम एका पत्र्याच्या डबीत आहे. पण एके काळी माझा थाट काही वेगळाच होता.

कारखान्यात तारेच्या तुकड्याची मी टाचणी झाले आणि थेट संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीवरच्या भल्यामोठ्या नकाशावर माझी नेमणूक झाली. आपलं सैन्य दूर परमुलखात लढायला गेलं होतं. नकाशावरची एकेक टाचणी म्हणजे एकेक तुकडी. मी उभी होते नदीच्या अलीकडे, पुलाजवळ. मला तिथे टोचणाऱ्या नकाशावाल्या बाईंचा धाकटा भाऊ माझ्याच तुकडीत होता. सकाळी माझ्यावरची धूळ पुसताना त्या पुटपुटत, "नीट राहा रे बाळा." मी टाचणी, पण मला ते 'रे' फार आवडायचं.

एक दिवस पुलाचा विषय निघाला. मंत्रीसाहेब आले, सेनापती आले.

"साहेब, चहा चालेल?" सचिवांनी विचारलं.

"चालेल."

"पूल घ्यायचा तर समोरून मारा होणार," सेनापती म्हणाले. "अर्धी तुकडी जाईल."

"लोक ओरडतील का?"

"फार नाही. तुकडी लहान आहे."

"मग चालेल."

तोच सूर, मित्रांनो! बाईंच्या हातातलं फडकं जागीच थांबलं. मला काळीज नाही, तरी ते धडधडलं.

मंत्रीसाहेब स्वतः उठले. मला उपटून नदीपलीकडे टोचायला गेले, आणि मी घसरले ती त्यांच्याच बोटात घुसले. "आई गं!" रक्ताचा एक थेंब आला. काय ती धावपळ! सचिव पट्टी शोधायला पळाले, सेनापतींनी खुर्ची पुढे केली. बाईंनी औषधाचा बोळा आणला.

"थोडं झोंबेल, साहेब. चालेल?"

"छे छे, नको!" साहेबांनी हात झटकन मागे घेतला.

बाईंनी बोळा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्या तुकडीत माझा धाकटा भाऊ आहे, साहेब."

साहेबांनी बोटाकडे पाहिलं, मग नकाशाकडे. मला वाटलं, आता इथेही 'नको' म्हणतील.

"चहा गार होतोय," ते म्हणाले.

मग सेनापतींनी मला पलीकडे टोचलं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. पूल मिळाला होता. बाईंचा भाऊ मात्र परत येणार नव्हता. तुकडीत फारसं कुणी उरलं नव्हतं; मला नकाशावरून काढण्याचं कामही बाईंनाच करावं लागलं. मला मुठीत धरून त्या कितीतरी वेळ तिथेच उभ्या होत्या, मग त्यांनी मला त्याच खोलीतल्या पत्र्याच्या डबीत ठेवलं. पुढे भाषणांत माझ्या तुकडीचं खूप कौतुक झालं आणि नंतर सगळे तिला विसरून गेले.

मित्रांनो, माझा गंज पुसा असं मी म्हणत नाही. टाचण्या ढीगभर मिळतात. पण आज माझ्या डबीचं झाकण उघडलं आहे. भिंतीवर दुसऱ्याच मुलखाचा नकाशा लागला आहे आणि टेबलापाशी कुणीतरी "चालेल" म्हणत आहे. ते चहाबद्दल आहे की आणखी कशाबद्दल, हे मला इथून कळत नाही. तुम्ही जवळ असाल तर एवढंच विचारा, "कुणाला चालेल?"