पानात टाकलेलं

जैसलमेरजवळच्या वाळूत मी चार वर्षं उंदरांची उष्टी मोजली. नातेवाईक हे ऐकून आधी हसतात, मग माझ्या लग्नाचं विचारतात. माझ्या संशोधनाचं काम सोपं आहे. थाळीत वाळू आणि बाजरी कालवून ठेवायची, उंदीर उठून गेला की उरलेले दाणे तोलायचे. झुडपाखालच्या थाळीत फारसं काही उरत नाही. उघड्यावर, जिथे ससाणा झडप घालतो, तिथे उंदीर भुकेला असूनही अर्ध्यावर उठतो. आसपास दुसऱ्या जातीचा दांडगा उंदीर असला तरी तेच. जितकी भीती, तितकं उष्टं.

हे तिथे कळलं आणि मला मालगुंडचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. बाबा बोटीवर असत तेव्हा आईचं पान लख्ख असे. ते सुट्टीवर आले की ती अर्धा भात टाकून उठे. आमटीत मीठ कमी पडलं तरी बाबांची वाटी भिंतीवर जाई. आणि मी मूर्ख, लहानपणी आईलाच म्हणायची, "पानात टाकू नये, एवढं कळत नाही तुला?"

मागच्या दिवाळीनंतर बाबा गेले. खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. आता आई पोटभर जेवेल, ते बघायला मी मे महिन्यात सुट्टी काढून आले. तिसऱ्या दिवशीही तिने भात टाकला तेव्हा माझं डोकं फिरलं.

"आई, कितीदा सांगायचं? ते नाहीत आता! जेव नीट!"

"जेवत्ये हो," म्हणत ती पान उचलून मागीलदारी गेली.

मी तणतणत शेजारी दमयंतीकाकूंकडे गेले. त्या अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या.

"काकू, आई रोज अशीच उपाशी उठते का हो?"

"छे गो! एरवी चाटूनपुसून जेवत्ये. तू यायच्या आदल्या दिवशी फणसाची भाजी दोनदा मागून घेतलीन माझ्याकडून. तू आलीस की मात्र..." काकू थांबल्या. "रागावू नको हो मृणाली. बोलणं अगदी बापाचं उचललंस तू."

मी घराला वळसा घालून मागे आले. आई पायरीवर बसून तोच भात खात होती. माझी चाहूल लागली तशी ती घास तसाच ठेवून उठायला लागली.

मी तशीच मागे फिरले आणि पार कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने मोरीत भांडं वाजलं.

मग आत गेले. मोरीत आईचं ताट अजून विसळलेलं नव्हतं, तरी लख्ख होतं.