माझ्या मापाची सवत

मित्रांनो, मी एक जुनी, लहानशी आणि मत्सरी चारचाकी आहे. जुनी झाले यात माझा दोष नाही. लहान आहे, तर मला घडवणाऱ्यांना विचारा. मत्सर मात्र माझा स्वतःचा. माझे निम्मे भाग काढून टाकले तरी तो काही निघाला नाही. आज त्याचीच हकिकत तुम्हाला सांगते.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरा रंग, चार दारे आणि मागे एक झडप, एवढेच माझे रूप. जालन्यात मी आधी एका गुरुजींच्या घरी होते. त्यांनी सात वर्षे मला उन्हात उभे केले नाही आणि फारसे फिरवलेही नाही. मग साहेबरावांनी मला घेतले. साहेबराव एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. जन्मभर मोठमोठ्या बसगाड्यांच्या खाली झोपून काम केलेल्या माणसाला माझी ती काय मातब्बरी! पण त्यांनी मला कधी कमी लेखले नाही. माझ्या पुढच्या सीटवर त्यांची पत्नी केशरबाई बसत आणि मागे त्यांची मुलगी पायल. केशरबाईंचे माहेर शहागडच्या पलीकडे होते. गोदावरीचा पूल आला की पायल काच खाली करून हात बाहेर काढायची आणि केशरबाई तिला रागवायच्या. त्या काळी त्या घरात दुसरी गाडीच नव्हती, त्यामुळे माझ्या पोटात दुखायचे काही कारण नव्हते.

पायल मोठी झाली. डिप्लोमा करून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला लागली आणि तिला शर्यतीचा नाद लागला. मातीचे मैदान असते, त्यात नारिंगी शंकू ठेवलेले असतात. एका वेळी एकच गाडी धावते आणि बाजूला घड्याळ चालू असते. सगळ्यांत कमी वेळात फेरी मारील तो जिंकतो. त्यासाठी पायलने मला अक्षरशः सोलले. मागची सीट गेली, गाण्यांचा टेप गेला, पायाखालचा गालिचा गेला. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसला आणि दारावर एकवीस आकडा आला. केशरबाई म्हणाल्या, "चांगल्या गाडीचं वाटोळं केलं पोरीनं." मला तसे वाटले नाही. दर रविवारी सकाळपासून पायल माझ्याशीच झटत असे. अंगावर एकही धड कापड नसताना मी एवढी सुखी कधी नव्हते. दुसऱ्याच शर्यतीत आम्ही तिसऱ्या आलो, आणि घरात टीव्हीच्या वर माझा फोटो लागला.

अडचण एकच होती. अशी सोललेली गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी नसते. मैदानापर्यंत तिला दुसऱ्या गाडीतून न्यावे लागते. दर वेळी भाड्याचा टेम्पो शोधायचा, आणि एकदा तर तो आलाच नाही, शर्यत हुकली. शेवटी साहेबराव म्हणाले, "आपण एक जुनी बंद व्हॅनच घेऊन टाकू. हिला आत घालू न् जाऊ. नोव्हेंबरात पुण्याकडं शर्यत हाय, तवर बघू."

"आन् न्हाई भेटली तर?" पायलने विचारले.

"तर तिथं भाड्यानं गाडी देतेत. नवी असती. तिच्यावर पळ तू. हिला राहू दे घरी."

पाहा माझी कोंडी. व्हॅन आली तर घरात सवत, नाही आली तर मैदानात सवत. शहाण्या गाडीने व्हॅनसाठी नवस केला असता, कारण व्हॅनमुळे निदान माझी शर्यत तरी टिकणार होती. पण मत्सराला शहाणपण सुचत नाही. मला त्या न पाहिलेल्या व्हॅनचाच राग येऊ लागला.

मग पाहण्याचे कार्यक्रम सुरू झाले. मला कुठे नेता येत नव्हते, म्हणून साहेबरावांनी एक बांबू घेतला, तो माझ्या अंगावर आडवा धरला आणि आरशांसकट माझ्या रुंदीएवढा कापला. लांबीसाठी दुसरा कापला. "टेपनं मापून आकडे लिहिण्यापरीस ह्ये बरं, वर्कशॉपात आम्ही असंच करत होतो," असे ते म्हणाले. त्या दोन काठ्या घेऊन बाप-लेक रविवारी निघत आणि मी अंगणात ताडपत्रीखाली बसून राही. माझा रविवार गेला. माझ्या मापाच्या काठ्या गावभर हिंडत होत्या आणि मला मात्र कुणी हात लावत नव्हते.

परत आल्यावर पायल माझ्याच बॉनेटवर टेकून आईला फोनमधले फोटो दाखवायची. एक व्हॅन दुकानांना टोस्ट-खारी पोचवणाऱ्याची होती, ती तोकडी पडली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुसरी शहागडला हायवेवर उभी होती, तिचा तळ छातीएवढा उंच. एवढ्या चढावर चढताना माझे पोट घासले असते, म्हणून तीही नापास झाली. तिसरी जुन्या जालन्यातल्या हाशिमभाईंची होती. हाशिमभाई गाद्या-रजया भरतात. आता लोक फोमच्या गाद्या घेतात, म्हणून त्यांना एवढी मोठी व्हॅन नको होती. काठ्या आत बराबर बसल्या, दोन्हीकडे चार-चार बोटे राहिली. तिच्याबद्दल बोलताना पायलचा आवाज बदलला. "मम्मी, आतून काय साफ ठेवलीय त्यांनी. डाव्या बाजूनं ह्ये मोठं सरकतं दार बी हाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मलाही चार दारे आहेत, त्यांचे कौतुक मी शेवटचे कधी ऐकले होते, आठवत नाही.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी हाशिमभाई व्हॅन घेऊन आमच्या गल्लीत आले. निळी, उंच, भारदस्त. पुढचा दिवा जरा चिरलेला होता, तो मी आधी पाहिला. साहेबरावांनी मागे दोन जाड फळ्या लावल्या. पायल माझ्यात बसली, मला चालू केले आणि फळ्यांवरून सरळ आत नेले. चार बोटे डावीकडे, चार बोटे उजवीकडे. बाहेर हाशिमभाई म्हणाले, "बिलकुल मापाची हाय." पायलने मला बंद केले आणि दार उघडले. दार चार बोटे उघडले आणि व्हॅनच्या भिंतीला टेकले.

"पप्पा," पायल हसत म्हणाली, "मी उतरू कशी?"

साहेबरावांनी मागून आत वाकून पाहिले. मग साहेबराव म्हणाले, "काठी तर बराबर बसल्ती."

"काठीला कुठं उतरायचं होतं?" केशरबाई म्हणाल्या.

हाशिमभाई ओशाळून म्हणाले, "भाभी, आमच्या गाद्या बी कधी दार उघडून उतरल्या न्हाईत. हे ध्यानातच आलं न्हाई."

मला किती बरे वाटले म्हणून सांगू. सवतीची फजिती झाली होती. "काय न्हाई, मागं घे न् ये भाईर," साहेबराव म्हणाले. पायलने किल्ली फिरवली.

मित्रांनो, इथे मला खरे सांगितलेच पाहिजे. मी चालू झाले नाही. माझ्यात काहीही बिघाड नव्हता. पेट्रोल होते, बॅटरी भरलेली होती. मी अडून बसले. तीन रविवार जिने माझ्याकडे पाहिले नाही ती आता माझ्याजवळ होती आणि तिला कुठे जाता येत नव्हते. शिवाय ही व्हॅन सगळ्यांच्या मनातून कायमची उतरावी, असेही मला वाटत होते. पायलने पुन्हा किल्ली फिरवली. मी नुसती घरघरले. चौथ्यांदा, पाचव्यांदा. पेट्रोलचा वास आत कोंडला. वर पत्रा तापला होता. पायलचे हसणे थांबले. डावीकडची दारे पिंजऱ्याच्या नळ्यांनी कायमची अडली होती. मागच्या झडपेचे कुलूप तिने वजन कमी करायला मागेच काढले होते आणि झडप वेल्डिंग करून कायमची जोडली होती, म्हणजे तीही वाट बंद. तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकवले आणि तिचा श्वास मला लहान लहान लागू लागला.

"पायल, बोल गं काहीतरी," केशरबाई बाहेरून म्हणाल्या. पायल बोलली नाही.

तेव्हा मी घाबरले. मी चालू व्हायला तयार होते, पण एव्हाना माझ्या प्लगांवर पेट्रोल चढले होते आणि आता मी मनापासून धडपडले तरी होईना. रुसायला मला क्षण लागला होता, रुसवा सोडायला मात्र माझे मला जमले नाही. शेवटी साहेबरावांनी मागच्या कडीला दोर बांधला. पायलने गियर काढला, आणि ते दोघे पुरुष आणि केशरबाई मिळून मला इंच इंच ओढत फळ्यांवरून खाली घेऊन आले. पायल बाहेर आली तेव्हा घामाने भिजली होती. केशरबाईंनी पदराने तिचे तोंड पुसले आणि पाण्याचा तांब्या हातात दिला. माझ्याकडे कुणी पाहिले नाही.

साहेबराव दोर सोडवत म्हणाले, "व्हॅन काय जमायची न्हाई. न् ही गाडी बी ऐन टायमाला दगा देऊन राह्यली. पुण्याला भाड्याची गाडी घे तू. हिचं नंतर बघू काय करायचं."

'नंतर बघू' म्हणजे काय, ते प्रत्येक जुन्या गाडीला कळते.

"गाडीची चूक न्हाई पप्पा," पायल म्हणाली. "प्लग साफ करायचे राह्यले माझ्याच्यानं. मीच विसरल्ते."

प्लग तिने गुरुवारी साफ केले होते. माझ्यासमोर बसून, घासून, पुसून. ते तिला माहीत होते आणि मला माहीत होते. बापासमोर कधी खोटे न बोलणारी ती मुलगी माझ्यासाठी खोटे बोलली आणि माझा गुन्हा आपल्या डोक्यावर घेऊन मोकळी झाली. त्या दिवशी मला जितकी लाज वाटली तितकी आधी कधी वाटली नव्हती.

हाशिमभाई फळ्या उचलू लागले. तेवढ्यात केशरबाई व्हॅनला एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, उलटी घाला की."

"काय उलटी?"

"गाडी. तोंडानं आत गेली तर पोरगी उजवीकडं येती, न् तिकडं भिंत हाय. पाठीनं आत घातली तर पोरगी डावीकडं येती. डावीकडं तर ते सरकतं दार हाय, पोरगीच सांगून राह्यल्ती ना?"

तीस वर्षे बसगाड्या दुरुस्त केलेल्या साहेबरावांनी हाशिमभाईंच्या हातातल्या फळ्या घेतल्या आणि पुन्हा लावल्या. पायलने माझे प्लग काढले, पुन्हा पुसले, बसवले आणि किल्लीला हात लावला. मी अर्ध्या किल्लीतच चालू झाले. मग मित्रांनो, मी पाठ करून, एक एक पाऊल मागे घेत, माझ्या सवतीच्या पोटात शिरले. व्हॅनचे सरकते दार उघडले, त्याच्या समोर बराबर माझे दार उघडले, आणि पायल खाली उतरली. हाशिमभाईंनी व्हॅनची किल्ली तिथेच केशरबाईंच्या हातात ठेवली.

नोव्हेंबरात आम्ही पुण्याकडे गेलो. मला पट्ट्यांनी आवळून आत बांधले होते आणि पायल व्हॅन चालवत होती. "पप्पा, काय मस्त वळती ही," असे ती म्हणाली, ते मला आतून स्पष्ट ऐकू आले. सगळा रस्ता त्या व्हॅनच्या वाट्याला, आणि माझ्या वाट्याला फक्त मैदानावरच्या तीन फेऱ्या. त्या फेऱ्या मात्र मी जीव तोडून मारल्या. आम्ही पाचव्या आलो. भाड्याची नवी गाडी दुसऱ्या कुणीतरी पळवली, ती नववी आली, ते मी मुद्दाम लक्षात ठेवले.

येताना आम्ही चार ठिकाणी थांबलो, कुठे चहाला, कुठे डिझेलला. प्रत्येक थांब्यावर सरकते दार उघडले. पायल आत वाकायची, माझ्या दारावर तळहात ठेवायची आणि जरा वेळ तशीच उभी राहायची. चौथ्या वेळी साहेबराव वैतागले. "पट्टे काय दर तासाला ढिले होतेत का? किती डाव बघती?"

"पट्टे न्हाई बघून राह्यले मी," पायल म्हणाली आणि तिने दार ओढून घेतले.

मित्रांनो, तुमच्याही घरात नवीन काही येईल. सायकल येईल, फोन येईल, एखादे लहान भावंड येईल. खुशाल येऊ द्या. पण नव्याकडे जाता-येता जुन्यावरून एक हात फिरवत जा. आम्हाला तेवढे पुरते. आणि एखादी जुनी वस्तू ऐन वेळी अडून बसली, तर तिला लगेच भंगारात काढू नका. तिचे काही बिघडलेले नसेलही.

पायल उतरताना व्हॅनवरही असाच हात ठेवत असेल का? मला ठाऊक नाही. माझे तोंड मागच्या दाराकडे असते, मला ते दिसत नाही, आणि ते बरेच आहे.