पकडणाऱ्याची चिक्की

“हे कोणाला पटायचं नाही, पण पटलं नाही म्हणून खोटं होत नाही,” असं म्हणत नाथानानांनी खुर्ची हातभर पुढे ओढली. सिडकोतल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलेल्यांनी ओळखलं, आज विमान सुटलं.

ओझरच्या विमान कारखान्यात नानांनी तीस वर्षं नटबोल्टांवर पाने फिरवले. रिटायर झाल्यापासून तीच विमानं ते रोज संध्याकाळच्या चहानंतर उडवत. एकदा म्हणे शेपटात त्यांचा सदरा अडकला आणि ते थेट सिन्नरच्या बाजारात उतरले. परत येताना कोथिंबीरही घेऊन आले.

बैठकीचा नियम नानांनीच घातलेला. कोणी मोठ्याने ‘खोटं’ म्हटलं की गोष्ट तिथेच थांबायची. म्हणणाऱ्याने खरं काय ते सांगायचं, मग नानांनी ‘बरोबर’ म्हणून खिशातली शेंगदाण्याची चिक्की काढून द्यायची. भिकन आणि यादव या शेजाऱ्यांना वर्षाकाठी एखादी मिळायची. बाकी सगळ्या नातीने, नऊ वर्षांच्या वैष्णवीने खाल्ल्या. “आजोबा, खोटं. मागच्या वेळी कोथिंबीर नव्हती, मेथी होती.” अशा वेळी नानांची छाती फुगायची.

आज ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती, कानांवर निळे हेडफोन. गाण्यासाठी नाही. पाण्याची मोटर चालू झाली की ती ते लावायची. मोटर तर केव्हाच बंद झाली होती.

या सगळ्याला सुरुवात तळमजल्यावरच्या कुसाबाईने केली होती. “नाथाभाऊ, तीन शनिवार झाले, पोरीला घेऊन तुमची रिक्षा कुठं जाती? सुनेच्या हातात दवाखान्याची फाईल होती. काय झालंय पोरीला?”

त्या फाईलमधला शब्द कालच घरात आला होता. ऑटिझम. हा आजार नाही, ती जन्मापासून अशीच आहे, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मुलगा योगेश तेव्हापासून तीच फाईल चाळत बसला होता. सून अंजलीने रात्रीच्या जेवणाला वैष्णवीला सगळं सांगून टाकलं. वैष्णवीने विचारलं, “मिक्सरचा आवाज सहन होत नाही, ते पण त्यातच येतं का?” हो म्हटल्यावर ती निवांत जेवली. नाना मात्र अर्ध्या ताटावरून उठले.

सकाळी अंजलीने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. “नाना, कोणी विचारलं तर सरळ सांगा. तिच्यासमोर लपवलंत, तर तिला वाटेल आपल्यात लाजण्यासारखं काहीतरी आहे.”

“मला कसली लाज?” नाना म्हणाले, आणि साखर न घातलेला चहा ढवळत बसले.

दुपारी न्हाणीघरात नळ सोडून त्यांनी तो शब्द म्हणून पाहिला. अर्धाच निघाला. उभ्या जन्मात जे तोंड अडलं नव्हतं, ते चार अक्षरांना अडलं. आणि आता समोर कुसाबाई. तिला कळलं की उद्या सकाळपर्यंत चार गल्ल्यांत पोरीची ‘बिचारी’ होणार, आणि मग पोर जिथे जाईल तिथे तिच्याआधी ते ‘बिचारी’ जाऊन बसलेलं असणार. म्हणून नानांनी विमान काढलं.

“दवाखाना कसला? तपासणी! पोरीचे कान साधे नाहीत. तिकडे ओझरला इंजिन सुरू झालं, की ही इथे कानावर हात ठेवते. कुठलं इंजिन तेही सांगते!”

भिकन हसला. नानांनी चोरून पायरीकडे पाहिलं. वैष्णवी चपलेचा पट्टा उघडत होती, लावत होती. एरवी दुसऱ्या वाक्याला पकडणारी पोर आज गप्प. पण नानांची जीभ सुटलेली.

“दिल्लीहून तीन साहेब आले. म्हणाले, पोरगी आम्हाला द्या, रडारचा खर्च वाचेल.”

“मग दिली का नाही, नाना?” यादवने काडी टाकली.

“एकुलती एक नात, कशी देईन?”

कुसाबाई हसली नाही. “इंजिन ऐकायला फाईल लागती व्हय? पोरगी कुणाच्या तोंडाकडं बघून बोलत नाय, ते का? खरं सांगा.”

चपलेच्या पट्ट्याचा आवाज थांबला. हेडफोन गळ्यात आले. एक वाक्य, नानांना वाटलं, अजून एकच वाक्य आणि सुटलो.

“कान एवढे तेज असले, की डोळ्यांना सुट्टी द्यावी लागते. बाकी काही नाही. तिला काहीसुद्धा नाही.”

“खोटं.”

वैष्णवी पायऱ्या उतरून समोर आली.

“मला ऑटिझम आहे,” कुसाबाईच्या जोडव्यांकडे बघत ती म्हणाली. “आजार नाही तो. मला मोटरचा आवाज खूप मोठा येतो. आणि डोळ्यांत बघितलं की समोरचा काय बोलतो ते कळत नाही. ओझरचं इंजिन मला ऐकू येत नाही.”

मग तिने नेहमीसारखा तळवा पुढे केला.

“अगं बाई, बि...” कुसाबाईच्या तोंडून निघालंच होतं.

“बरोबर!” नाना एवढ्या मोठ्याने ओरडले, की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. त्यांनी चिक्की तिच्या तळव्यावर ठेवली.

वैष्णवीने ती दुसऱ्या हातात घेतली. तळवा मात्र तिथेच राहिला.

“अजून एक,” ती म्हणाली. “सकाळी तुम्ही आईला म्हणालात, मला कसली लाज. तेही खोटं.”