बर्निसच्या परसातलं भुयार

मी बर्निस उन्रूच्या परसातलं भुयार बोलतोय. परसात आता मी एकटाच उरलोय, त्यामुळे मला शोधायला कुणाला त्रास पडणार नाही. गवताचा एक उंचवटा, त्यावर तिरकं बसवलेलं लोखंडी दार आणि आत आठ पायऱ्या. माझा पसारा एवढाच.

कॅन्ससच्या या सपाट मुलखात वसंत आला की माणसं फुलांकडे कमी आणि नैर्ऋत्येकडे जास्त बघतात. तिकडून काळे ढग येतात, ढगातून चक्रीवादळाची सोंड खाली उतरते आणि ती जिथून जाते तिथं घराचा नुसता चौथरा राहतो. अशा वेळी माणसांना पोटात घ्यायचं, हे माझं काम.

ऑर्व्हल उन्रू तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला नव्हता. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यानं मला खणलं. त्याच्या थोरल्या भावाच्या भुयाराचं लाकडी दार वाऱ्यानं बिजागऱ्यांसकट उपटून नेलं होतं, आणि त्यात भावाचा हात कायमचा अधू झाला होता. ऑर्व्हलनं ते फार मनाला लावून घेतलं. तो धान्याच्या कोठारांवर वेल्डिंग करायचा. तिथला जाड पत्रा आणून त्यानं माझं दार घडवलं.

बर्निसनं दोन्ही हातांनी ते ओढून बघितलं. दार हललंसुद्धा नाही.

"अरे, हे दार आहे की बँकेची तिजोरी?"

"वाऱ्याच्या बापालाही उचलता येणार नाही!"

"वाऱ्याचं राहू दे. तू घरी नसशील तेव्हा मी काय करायचं?"

"अगं, मी कुठं जातोय?"

तेव्हा मी नवा होतो. त्या दाराचा मला भारी अभिमान वाटला. आज लाज वाटते.

तरी बायकोचं बोलणं त्याला लागलं असावं. आठवड्याभरात त्यानं शेजारी एक खांब रोवला, वर कप्पी बसवली, तारेचा दोर ओवला आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरचं जुनं वजन टांगलं. मग बर्निस एका हातानं दार उघडायला लागली. दुसऱ्या बाजूला कडेवर त्यांचा मुलगा केंट असायचा.

इथल्या पुरुषांची एक खोड मी आयुष्यभर पाहिली. वादळाचा इशारा देणारा गावाचा भोंगा वाजला की बायका आत धावतात आणि हे अंगणात जाऊन, कमरेवर हात ठेवून ढग बघत बसतात. बर्निस खालून ओरडायची, "ढगानं तुला जेवायला बोलावलंय का? ये आत!" मग ऑर्व्हल हसत पायऱ्या उतरायचा. कधी अर्धा तास, कधी दोन तास ती तिघं माझ्यात बसायची, पीचची बरणी उघडून खायची. माझ्या आयुष्यात सुख म्हणून जे काही होतं, ते तेवढंच.

दर मार्चला बर्निस मला झाडून घ्यायची. पाण्याचे कॅन बदलायची, बॅटरीत नवे सेल घालायची, कोपऱ्यात बुटांचे जोड मांडायची, कारण वादळानंतर अनवाणी बाहेर पडलं तर काचाच काचा. केंट डेन्व्हरला नोकरीला गेला तसे तिनाचे दोन जोड झाले. पुढे एका फेब्रुवारीत ऑर्व्हल झोपेतच गेला. वादळासाठी एवढी तयारी केलेला माणूस, आणि मरण आलं ते अंथरुणात. बर्निसनं त्याचे बूट मात्र हलवले नाहीत.

त्यानंतर तिसऱ्या हिवाळ्यात तारेचा दोर गंजून तुटला. वजन धप्पकन गवतात पडलं. बर्निस तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती.

माझ्या उंचवट्यावर बसून फोनवर बोलायची तिला सवय होती, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"आई, दार कशाला दुरुस्त करतेस? सामान बांध आणि इकडे ये बघू," केंट म्हणायचा.

"तुमच्या पाचव्या मजल्यावर? तिथं मी काय खणू?"

त्यानं तिला हवामानाचा रेडिओ पाठवला, मग किंचाळणारा मोबाइल पाठवला. इशारा देणारं सगळं घरात आलं. दोर काही आला नाही.

पलीकडच्या शेतावरचा हार्लन भला माणूस, अंगानंही दांडगा. भोंगा वाजला की तो गाडी पिटाळत यायचा, दार उचलायचा, तिला आत बसवून स्वतःही बसायचा. दार उघडंच ठेवावं म्हटलं तर पाणी भरायचं, साप यायचे. "काकू, मी दोर बसवू का?" त्यानं एकदा विचारलं. "नको रे, किती धावशील माझ्यासाठी? ईस्टरला केंट येणार आहे ना, तो बसवेल." त्याच आठवड्यात केंटनं फोनवर दोराचं विचारलं, तर ती म्हणाली, "झालं की! हार्लननं बसवला." दोर नाही म्हटलं असतं तर लेकानं तिला उचलून डेन्व्हरला नेलं असतं. ईस्टरला केंटला सुट्टी मिळाली नाही.

मेच्या बारा तारखेला हार्लन डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सलायना शहरात गेला होता. दुपारी त्याचा फोन आला. "काकू, आभाळ वाईट दिसतंय. गावात चर्चच्या तळघरात जाऊन बसा. कुणाला तरी न्यायला पाठवतो."

"कुणाला त्रास देऊ नकोस. माझं सगळं तयार आहे."

खरंच सगळं तयार होतं.

पाचला भोंगा वाजला. ती पहार घेऊन आली. तिनं दाराखाली पहार घातली आणि सगळा भार टाकला. वीतभर फट पडली, उजेडाची पट्टी पहिल्या पायरीवर आली. मग पहार निसटली, दार पुन्हा बसलं. असं तीनदा झालं. आत मी आणि बाहेर ती, मध्ये फक्त ते दार. मला हात असते तर! तिच्या धापा ऐकण्यापलीकडे मी काहीही करू शकलो नाही.

मग ती दारावर बसली. वाऱ्याचा आवाज आता मालगाडीसारखा येत होता.

"'मी कुठं जातोय' म्हणाला होतास ना, ऑर्व्हल?" ती म्हणाली. रागानं नाही.

नंतर दारावर तिचं वजन राहिलं नाही.

अग्निशमनवाल्यांच्या यादीत माझी नोंद होती, म्हणून ते सरळ माझ्याकडेच आले. तिघांनी मिळून दार उचललं. "बर्निसबाई!" त्यांनी आत हाक मारली. बरण्या जागच्या जागी होत्या, कोपऱ्यात बुटांचे दोन्ही जोड होते. ती सापडली दोन शेतं पलीकडे.

चौथ्या दिवशी केंट आला. त्यानं एकट्यानं दार उचलून बघितलं, जमलं नाही. मग गवतातून गंजका दोर उचलून तो हार्लनकडे वळला. "तू नवा बसवला होतास ना?"

हार्लनच्या डोळ्यावर अजून पट्टी होती. "मी? काकू म्हणाल्या, तू बसवणार आहेस."



उद्या मला मातीनं बुजवणार आहेत. दार मात्र एका कंत्राटदाराला हवंय. "साधा ओरखडाही नाही!" म्हणत तो सकाळपासून टेपनं मोजतोय, तसंच दार नव्या घरांना करणार म्हणे. बाबा रे, पत्रा मोजतोयस तसे त्या घरांतल्या म्हाताऱ्यांचे हातही एकदा बघ. पण माझं कोण ऐकतं? त्यानं जाडी लिहून घेतली, लांबी-रुंदी लिहून घेतली. गवतातली कप्पी पायाला लागली, तेव्हा त्यानं ती लाथेनं बाजूला सारली.