गोधडीचा गोंद

लहानूरावांनी सातपूरच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं माल तपासला, तो पास किंवा नापास केला आणि मग ते निवृत्त झाले. सवय मात्र निवृत्त झाली नाही. घरात नापास करण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे हल्ली ते दुधाच्या पिशवीचं वजन करत.

त्यामुळे छाया, म्हणजे त्यांची बायको, एकदा सहज म्हणाली की गोधडीचे थर टाचायचं काम तिच्या एकटीच्यानं होत नाही, तेव्हा त्यांचे कान टवकारले. बाळंतपणाला आलेली त्यांची लेक निकिता तीन आठवड्यांनी बाळाला घेऊन सासरी निघणार होती. या घरातून बाळ आजोळच्या गोधडीशिवाय कधी गेलं नव्हतं. आणि गोधडी शिवण्याआधी जुन्या लुगड्यांचे थर मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी एकत्र धरावे लागतात, नाहीतर ते सरकून चुण्या पडतात. लहानूरावांनी लगेच निदान केलं. टाके घालायचेच कशाला, थर चिकटवायचे. इतक्या वर्षांत बायकांना हे सुचलं कसं नाही, याचं त्यांना मनापासून नवल वाटलं.

त्यांनी स्वतःच्या लुंगीचे चोवीस चौकोन कापले आणि वही उघडली. मैद्याची खळ दुसऱ्या दिवशी आंबली आणि तिसऱ्या दिवशी तिला मुंग्या लागल्या. डिंक वाळून असा कडक झाला की सुई वाकली. शाळेतल्या पोरांचा पांढरा गोंद धुतल्यावर जात होता, पण धुण्याआधीच थर सुटत होते. शेवटी त्यांनी ऑनलाइन मागवला तो फवाऱ्याचा गोंद. तो चिकटला, त्यातून सुई गेली, धुतल्यावर डागही राहिला नाही. बाळ टोक चोखणार म्हणून त्यांनी ‘दोनदा धुणे’ अशी अट घातली आणि पुढे ‘पास’ लिहिलं. एवढा आनंद त्यांना कारखान्यात कधी झाला नव्हता. एव्हाना निकिताच्या जाण्याला चारच दिवस उरले होते.

दुपारी छाया बाळाला निजवत असताना त्यांनी बाहेरच्या खोलीत पेपर अंथरले. वर आईचं, झुंबरबाईंचं, मऊ झालेलं लुगडं पसरलं. आई जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी फवारा मारला, पण पंखा बंद करायचं राहिलं. एक टोक बसवावं तर दुसरं उडून भलतीकडे चिकटे. ते दाबायला लहानूराव गुडघ्यांवर रांगले आणि थोड्याच वेळात लुगडं, पेपर आणि त्यांचा पायजमा एकजीव झाले. गोंद उत्तम होता, यात वाद नाही. त्यांनी खालच्या आवाजात छायाला हाक मारली.

ती आली. पंखा बंद करून तिने लुगड्याचा पदर हलक्या हाताने सोडवला, कुठे फाटलं नाही ना ते पाहिलं, आणि ओल्या फडक्याने पुसून काढला. मग गोधडीचे चार थर तिने नव्याने अंथरले.

“तुम्ही तिकडं बसा,” ती म्हणाली.

“कुठं?”

“आईंच्या जागी. पंचवीस वर्षं त्या तिकडून टाचत यायच्या, मी इकडून. मधे भेटलो की चहा घ्यायचो. एकटीच्यानं होत नाही असं मी म्हणाले, ते समोर कुणी नाही म्हणून.”

लहानूरावांना लाज वाटली. आई गेल्यापासून छायाने लुगड्यांच्या गठ्ठ्याला हात लावला नव्हता, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला ते दिसलं नव्हतं. ते गुडघे दाबत खाली बसले. छायाने दोरा ओवून सुई त्यांच्या हातात दिली. टाका केवढा घालायचा, एवढंच त्यांनी विचारलं. चार बोटं, ती म्हणाली.

दिवेलागण होईपर्यंत दोघं टाचत राहिले. मधोमध आले तेव्हा लहानूरावांची ओळ छायाच्या ओळीपासून चांगली वीतभर भरकटली होती. तिने ती उसवली नाही. आपलीच ओळ वळवून त्यांच्या शेवटच्या टाक्यापर्यंत आणली, दोरा तोडला आणि चहा ठेवायला उठली.