धाकटीचं बेणं

माझं तोंड फटकळ, हे अख्खी गल्ली सांगेल. नको तिथे चुरूचुरू चालतं आणि हवं तिथे दातखीळ बसते.

धाकटी बहीण बेण्याचे बटाटे घेऊन माझ्या शीतगृहात आली. नऊ वर्षं झाड न् झाड पाहून तिने स्वतः निवडलेलं वाण. चाळीस पोती. नवऱ्याने बजावलं होतं, यंदा बेणं टिकलं तर निम्मं शेत तुझ्या वाणाला, नाहीतर हे खूळ बंद.

"दादा, काढताना कुदळी लागल्यात. पंधरा दिवस उबेत ठेव, जखमा भरू देत. मग औषध मार आणि गारठ्यात ने."

"मला शिकवतेस होय गं? मग बुरशीनाशक कशाला असतं?"

खरं सांगायचं तर उबेसाठी पंधरा दिवस मला एक खोली अडवायची नव्हती. त्याच दिवशी बटाट्यांवर दुप्पट औषध फवारलं आणि ओलेच आत ढकलले. म्हटलं, अधिकस्य अधिकं फलम्. गाढवच मी!

लागवडीच्या तोंडावर ती न्यायला आली. दार उघडताच भपकारा आला. पोत्यांतून काळं पाणी गळत होतं. उघड्या जखमा, वर ओल. औषध तरी काय करणार?

ती ओरडली नाही. बाह्या सारून खाली बसली आणि एकेक बटाटा चाचपत राहिली. मीही शेजारी बसलो. दुपारपर्यंत चांगल्या बटाट्यांची एक बादलीसुद्धा भरली नाही.

"अगं, शिव्या तरी दे मला."

"शिव्यांनी उगवणारेत का?"

तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली.

"सगळे सडले," ती म्हणाली. "माझंच चुकलं. दादा नको म्हणत होता, मीच घाई केली."

हात पुढे करून फोन घ्यायचा, एवढंच होतं. पण दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती, कान टवकारून. मी गप्प बसलो. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं.

आता त्यांच्या शेतात बाजारचं बेणं लावतात. ती शेताकडे फिरकत नाही म्हणे. भेटली की विचारते, "दादा, धंदा बरा चाललाय ना?"

मी म्हणतो, "हो, चाललाय बरा."