तत्त्वज्ञानाची तुकडी

द्वारकाला भूगोलात बी.ए. करायचं होतं. त्यावर बी.एड. करून लासूर स्टेशनच्या आसपास एखाद्या हायस्कुलात लागायचं, हे तिचं बारावीतच पक्कं झालेलं. वडील बद्रीनाथ बाजार समितीत नोकरीला होते. पोरीला मास्तरीण करायला त्यांची ना नव्हती, फक्त रोज संध्याकाळी घरी परत यायचं, एवढी एकच अट.

पहिल्या वर्षाला शहरातल्या कॉलेजात तीन विषय घ्यावे लागले. भूगोल आणि मराठी तिच्या आवडीचे. तिसरं तत्त्वज्ञान, कारण ते रामकिसनमामा शिकवायचा. नव्या नियमाप्रमाणं दुसऱ्या वर्षाला या तिन्हींतला एक विषय मेजर म्हणजे मुख्य करायचा, एक मायनर म्हणजे दुय्यम ठेवायचा आणि तिसरा सोडून द्यायचा. सुटणारा विषय कोणता, याचा द्वारकानं विचारसुद्धा केला नव्हता. तो तत्त्वज्ञानच.

जूनमध्ये मामा लासूरला आला. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, तरी तो उठेना. मग बहिणीकडं बघत म्हणाला, "अक्का, यंदा तुकडी भरत नाय. मेजरला निदान वीस पोरं लागतात. हातापाया पडून एकोणीस गोळा केलीत."

द्वारकाच्या आईनं, भागूबाईनं, लेकीकडं पाहिलं.

"मामा, मला भूगोल घ्यायचाय," द्वारका म्हणाली. "तुम्हाला माहीतंय की."

"भूगोल काय पळून चाललाय का? बी.एड.ला मेजर कोण विचारतंय? मराठी मायनर ठेव, त्याच्यावर होतंय सगळं." मामाचा आवाज खाली आला. "तासिकेवर अकरा वर्षं काढली, बाळा. ही तुकडी भरली नाय तर माझे तासच संपले. मग मामीला काय सांगू?"

तो गेल्यावर भागूबाई भाकरी थापता थापता बोलत राहिली. "सख्खा मामा हाय तुझा. लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दावली त्यानं. तुझ्या एका विषयानं त्याचं घर चालत असंल तर काहून नाय म्हनायचं?"

द्वारकानं तत्त्वज्ञान घेतलं. भूगोल सुटला.

तिला वाटलं होतं, वर्षभर जांभया देत बसावं लागेल. झालं भलतंच. मामा घरी जेवढा बापुडा, तेवढाच वर्गात तरतरीत. खुर्चीवर बसायचाच नाही. "समोरचा बाक आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?" असं विचारून पोरांना अर्धा तास झुंजवायचा. औरंगपुऱ्याहून येणारी हसीना द्वारकाच्या शेजारी बसायची. तिच्या अब्बांचं तिकडं टेलरिंगचं दुकान होतं. तास सुटला की दोघी वाद घालत फाटकापर्यंत यायच्या. "अरे, बाक दिखता है इसलिए है, या है इसलिए दिखता है?" हसीना विचारायची, आणि उत्तर सापडायच्या आत द्वारकाची बस लागायची. मार्चपर्यंत द्वारकाला भूगोलाची आठवणही येईनाशी झाली. एकदा तर तिनं आईला सांगून टाकलं, जमलं तर यातच एम.ए. करीन म्हणून. भागूबाई खूश झाली. भावाचंही भलं आणि लेकीचंही.

मे महिन्यात मामाचा फोन आला. परभणीकडच्या एका कॉलेजात त्याला कायमची नोकरी लागली होती. भागूबाईनं गल्लीभर पेढे वाटले. द्वारकानंही खाल्ला. मनापासून खाल्ला. आता मामाच्या जागी कोण येईल, एवढंच तिच्या मनात येऊन गेलं.

कोणी आलं नाही. जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा प्रवेश घ्यायला ती गेली, तर तत्त्वज्ञानाच्या पोरांना उपप्राचार्य बाईंकडं पाठवत होते. हसीना आधीच दाराशी उभी होती.

"विषय बंद केला का, मॅडम?" द्वारकानं विचारलं.

"बंद कुठं केलाय? शिकवायला माणूस नाही, म्हणून चालवता येत नाही." बाई कंटाळलेल्या होत्या. सकाळपासून हेच बोलत होत्या. "दुसरा माणूस घ्यावा तर तुमच्या मागून येणाऱ्या वर्गात चारच पोरं. संस्था मान्यता देत नाही."

"मग आमचं काय?"

"तुमचे क्रेडिट कुठं जात नाहीत. तुमच्या नावावर क्रेडिट बँकेत जमा आहेत. हा विषय असलेल्या दुसऱ्या कॉलेजात जा, तिथं ते चालतात."

शहरात या विषयाची जागा कुठंच शिल्लक नव्हती. बाहेरगावी होती तिथं हॉस्टेलला राहावं लागलं असतं, आणि ते वडिलांना चाललं नसतं.

"मग मायनर मराठी आहे," बाई म्हणाल्या, "ती मेजर करून घे. पण दुसऱ्या वर्षाच्या मेजरचे पेपर तू दिलेले नाहीस, ते आधी भरून काढावे लागतील."

"तिसऱ्या वर्षाबरोबर दिले तर चालतील ना?"

"दोन्ही वर्गांचे तास एकाच वेळी असतात. कशी बसशील? एक वर्ष जास्तीचं धर." बाईंनी हसीनाकडं पाहिलं. "नाहीतर दोन वर्षांवर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. नियमात सोय आहे. तेवढा एक कौशल्याचा कोर्स करावा लागेल."

बाहेर आल्यावर हसीना म्हणाली, "अब्बा तो यही सुनने को बैठे हैं. डिप्लोमा मिल रहा ना, बोलेंगे, बस हो गया."

"अन् भूगोल?" द्वारकानं पुन्हा आत जाऊन विचारलं.

"तो तू सोडलास, बाळ. सोडलेल्या विषयावर परत येता येत नाही."

तिथून ती थेट गारखेड्याला मामाच्या खोल्यांवर गेली. मामा खोकी आणायला बाहेर गेला होता. मामी भांडी कागदात गुंडाळत होती. द्वारकानं सगळं सांगितलं तशी मामी हळहळली. भोळी बाई, मनात काही ठेवायची नाही.

"त्यांना बी लई वाईट वाटत होतं बघ तुझं. पर काय करावं? तिकडचा अर्ज तर त्यांनी तू मेजर घ्यायच्या आधीच भरून ठेवला होता. एक वर्ष अनुभवाचं कमी पडत होतं. मेजरची तुकडी शिकवल्याचं ते एक वर्ष झालं, अन् लागलं काम."

मामीनं पाणी दिलं, ते तिच्या हातात तसंच राहिलं.

मामा आला. तिचा चेहरा बघून त्यानं खोकी दारातच ठेवली.

"मामा, तुम्ही लासूरला आलात तव्हाच तुमचं जायचं ठरलं होतं?"

"ठरलं कुठं होतं? नुसता अर्ज होता. असे कितीतरी भरले आजवर."

"पण लागलं असतं तर जाणार होतात."

"व्हय."

"मग सांगितलं का नाय?"

मामा भिंतीला टेकून खाली बसला. वर्गात कुणाच्याही प्रश्नाला तो असा बसला नव्हता. "सांगितलं असतं तर तू तत्त्वज्ञानाला राहिली असतीस का?"

"नसते राहिले."

"तेच तर," मामा म्हणाला. "माझं वय बघ, द्वारके. अजून एक वर्ष गेलं असतं तर मी कायमचा तासिकेवर मेलो असतो. अन् तुला काय मी वाईट शिकवलं? तूच सांग."

हेच तिला सहन झालं नाही. वाईट शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

"तिकडं ये," मामा जरा सावरून म्हणाला. "तिथं विषय चालू हाय. तुझे सगळे क्रेडिट जसेच्या तसे धरतील, वर्षही वाया जाणार नाय. आमच्याकडं राहा. तिथंही पोरं कमीच हायेत, तुकडीला मदतच—"

तो मध्येच थांबला. पण वाक्य निघून गेलं होतं. मामीसुद्धा कागद चुरगाळायची थांबली.

"येते मी," द्वारका म्हणाली. "बस निघून जाईल."

घरी बद्रीनाथांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "परभणीला गेलीस तर वर्ष वाचतंय ना? मामाचंच घर हाय. माझी काय ना नाय."

"मी जाणार नाय, दादा."

"मग काय करतीस?"

"मराठी घेते."

भागूबाई भडकली. "तो बोलावतोय तर हिलाच मिजास! भावाला नोकरी लागली ते बघवंना का तुला? हिच्या हट्टापायी एक वर्ष जानार, अन् वर लोकं विचारतील नापास झाली का म्हनून."

लोकांनी विचारलंच. शेजारच्या सरूबाईनं तर दारात उभं राहून विचारलं. भागूबाईनं "नियम बदलले" म्हणून सांगितलं, पण ते कुणाला पटलं नाही. त्याच आठवड्यात बद्रीनाथांनी एका स्थळाची चौकशी केली. "नुसती चौकशी," ते म्हणाले. कुठं काय अडतंय ते द्वारकाला कळत होतं. परभणीला गेली असती तर आजच्या आज सगळं सुटलं असतं. तिला मामाच्या तुकडीत पुन्हा एक डोकं व्हायचं नव्हतं, एवढंच.

ती पुन्हा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसू लागली. सोबतची पोरं तिला ताई म्हणायची. मराठीचे सर चांगले होते, नोट्स सांगायचे. प्रश्न कुणी विचारत नसे. हसीनाचं लग्न हिवाळ्याआधीच ठरलं. "डिप्लोमावाली दुल्हन," असं फोनवर म्हणून ती हसली.

दिवाळीत भाऊबीजेला मामा आला. नवा शर्ट, अंगानंही जरा भरलेला. भागूबाईनं ओवाळलं, डोळे पुसले. द्वारकानं कुठल्याही पाहुण्याला द्यावं तसं त्याला पाणी नेऊन दिलं.

"अभ्यास कसा चाललाय?" मामानं विचारलं.

"चाललाय."

"तिकडं तिसऱ्या वर्षाला आत्मा हाच विषय लावलाय. परवा एका पोरानं असला प्रश्न विचारला, मला तुझी आठवण झाली." त्याचे डोळे तसेच चमकले, वर्गात चमकायचे तसे. "तो म्हणाला, झोपेत मी नसतो, तर सकाळी उठतो तो कोण?"

द्वारकाच्या मनात उत्तर आलं. उत्तराच्या मागं दोन प्रश्नही आले, आणि त्यातला एक मामालाही सुटला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मामा तिच्या तोंडाकडं बघत वाट पाहत होता.

"आई, मामाला फराळाचं वाढ," असं म्हणून ती रिकामा तांब्या घेऊन आत गेली.